अक्कलदाढ काढली, सिगारेट कधी ओढू?

रानवारा:
काल दुपारी खालची डावी अक्कलदाढ काढली, टाके घातलेत. बारा वर्षं रोज सात-आठ सिगारेटी ओढतोय. डॉक्टर म्हणाले, निदान ३ दिवस हात लावू नका. पण जेवण झालं की जीव कासावीस होतो. उजव्या बाजूने एखादा झुरका घेतला तर चालेल का?

कृष्णाकाठची:
नको, हात जोडून सांगते. माझ्या नवऱ्याने दुसऱ्याच रात्री गच्चीवर जाऊन एक ओढली. तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका. मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर खड्ड्यात रक्ताची गुठळीच नव्हती, तळाला पांढुरकं हाड दिसत होतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. डॉक्टरांनी खड्डा धुऊन लवंगतेलाच्या वासाचं औषध भरलं, तेव्हा कुठे त्यांचा डोळा लागला. बाजू कुठलीही असो, झुरक्याच्या ओढीने गुठळी निसटू शकते. शिवाय निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोहोचतं. स्ट्रॉही नको.

रानवारा:
मग तंबाखूची चिमूट?

कृष्णाकाठची:
अहो, तीही नको, मिश्रीसुद्धा नको! ती थेट जखमेवरच जाते. फारच तलफ आली तर निकोटीनच्या पट्टीबद्दल डॉक्टरांना आजच फोन करून विचारा.

रानवारा:
केला फोन. पाकीट बायकोकडे दिलंय.

जुनाखोड:
उद्यापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात हळूच फिरवा, खळखळून चूळ मात्र भरू नका. ठणका वाढलाच, तर गोळ्या खात घरी बसू नका.