शब्दचर्चा : ‘डीमन’ला राक्षस नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं?

पानसुपारी :
तीन दिवस एका शब्दावर अडून बसले आहे. नाशिककडच्या द्राक्षबागांत बसवायची एक हवामानपेटी आहे. आत तळहाताएवढा लिनक्सचा बोर्ड आणि त्याला सिमकार्डाचं मोडेम. दर पंधरा मिनिटांनी पाऊस, तापमान आणि पानांवरचा ओलावा पाठवते. नेटची जोडणी लावतो पीपीपीडी नावाचा प्रोग्राम, म्हणजे तोच जुना डायलअपवाला. पेटी बसवणाऱ्या पोरांसाठी मी बारा पानी मराठी पुस्तिका करतेय. मूळ इंग्रजीत पानोपानी ‘डीमन’ आहे, म्हणजे पडद्यामागे गुपचूप चालत राहणारा प्रोग्राम.

पहिल्या खर्ड्यात सरळ ‘राक्षस’ लिहून मोकळी झाले होते. वाचून बघायला एका बागायतदाराच्या मुलाकडे दिलं. रात्री साडेनऊला त्याचा फोन : “ताई, पान सातवर लिहिलंय, राक्षस मेला तर पुन्हा उठवावा. खरंच उठवायचा?”

अडलेलं वाक्य असं आहे : ‘जोडणी तुटली की डीमन मरतो; पर्सिस्ट हा पर्याय दिला असेल तर मरत नाही, पुन्हा प्रयत्न करतो.’ इथे डीमनला काय म्हणू? आणि ‘मरतो’ ठेवू का? दुसरीही एक अडचण आहे, नोऑथची. ती नंतर विचारते.

रात्रपाळी :
डीमनच लिहा. वीस वर्षं सर्व्हर राखतोय, मराठी पोरं एकमेकांना “डीमन पडलाय, उठव रे” असंच सांगतात. आणि ‘मरतो’ काढा. साइट पडते, सर्व्हर पडतो, तसा डीमनही पडतो.

चौथाडबा :
‘पडतो’ चुकेल. पडणं म्हणजे मध्येच कोसळणं. जोडणी तुटल्यावर पीपीपीडी रीतसर आवरतो : जोडणी गेल्यावरची आवराआवर करणारी आयपी-डाउनची स्क्रिप्ट चालवतो, मोडेमवर लावलेलं कुलूप काढतो आणि मग जातो. दिवा मालवून, फळ्या लावून दुकान बंद करावं तसं. ‘आपलं काम आवरून थांबतो’ लिहा.

पानसुपारी :
‘आवरून थांबतो’ आवडलं! पण कोण थांबतो?

नीरक्षीर :
‘पार्श्वसेवक’. पार्श्वभूमीवर राहून सेवा करणारा. अर्थ नेमका, समास सोपा, उच्चार सुलभ. लोक हसतील, हसू द्यात. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ यांनाही हसलेच होते, आज तेच लोक लग्नपत्रिकेत दिनांक छापतात. आपण शब्द रुळायच्या आधीच हातपाय गाळतो, हे खरं दुखणं.

रात्रपाळी :
पार्श्वसेवक म्हणजे नवरदेवाच्या मागे छत्री धरून उभा असतो तो.

खडाष्टक :
‘डीमन’ की ‘डेमन’ हे आधी ठरवा. आमच्या कॉलेजात सर ‘डेमन’ म्हणायचे आणि अख्खा वर्ग ‘दमण’ ऐकायचा. मला दोन वर्षं वाटत होतं, दमणला एखादा मोठा सर्व्हर आहे.

बाकी माझ्या मते हा मुळात आपलाच शब्द. देव + मन = देवमन, त्याचा डेमन. मनासारखा अदृश्य राहून काम करणारा देव.

चौथाडबा :
देवमन नव्हे हो. ग्रीकमध्ये ‘डायमोन’ म्हणजे देव आणि माणूस यांच्यामधली एक शक्ती, बरीवाईट कशीही. ती राक्षस झाली ख्रिस्ती काळात. ग्रीक शब्दाचं मूळ ‘वाटून देणे’ या धातूत सांगतात, नशिबाचा वाटा देणारा तो डायमोन. त्याच धातूचं संस्कृत भावंड ‘दयते’, म्हणजे वाटतो. वडिलोपार्जित वाट्याला म्हणतात तो ‘दाय’ आणि वाटेकरी तो ‘दायाद’ इथलेच. म्हणजे डीमनचा खरा मराठी नातलग बांधावरून भांडणारा भाऊबंद.

संगणकात हा शब्द आणला एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधल्या मंडळींनी, १९६३ च्या सुमारास, आयबीएम ७०९४ या संगणकावर काम करताना. त्यांच्या डोक्यात होता भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलचा डीमन. दोन खोल्यांमधल्या दारावर बसलेला एक चिमुकला जीव, वेगवान रेणू एकीकडे आणि मंद दुसरीकडे सोडणारा. गंमत म्हणजे मॅक्सवेलने त्याला डीमन म्हटलंच नव्हतं, ते नाव विल्यम थॉमसनचं, १८७४ मधलं. कुणी ‘डिस्क अँड एक्झिक्युशन मॉनिटर’चं लघुरूप म्हणून सांगेल, ते मागाहून जुळवलेलं आहे.

खडाष्टक :
देवमन खोटं कशावरून, ते नाही सांगितलंत.

आंबोशी :
इतकं ग्रीक कशाला? आरवलीला या. वेंगुर्ल्यापासून जवळ. तिथे श्री देव वेतोबा. लोक त्याला केळीचा घड देतात आणि चपला वाहतात. हातभर लांबीच्या चामड्याच्या चपला. का, तर तो रात्री गावाची राखण करत फिरतो, चपला झिजतात, नव्या लागतात. लहानपणी आजीने एक जोड उलटा करून तळ दाखवला होता. टाचेकडून झिजलेला. “बघ, काल खंय खंय फिरलो तो.”

आता डीमनची लक्षणं बघा. कुणाला दिसत नाही. सगळे झोपले की काम करतो. सांगितलेली हद्द राखतो. आणि काम केलं की नाही हे कळतं फक्त मागे ठेवलेल्या खुणांवरून. तुम्ही सिस्टिम लॉग बघता, आम्ही चपलेचा तळ बघतो. ‘राखणदार’ लिहा, कोकणातल्या पोराला एका शब्दात समजेल.

चौथाडबा :
बीएसडी या युनिक्सच्या भावंडाचं बोधचिन्ह आठवतंय का? लाल रंगाचा छोटा डीमन, हातात त्रिशूळासारखा काटा आणि पायात बूट! त्यालाही पादत्राण लागतंच.

आंबोशी :
व्हय महाराजा! बघा, जगात कुठेही जा, राखणदार अनवाणी नसतो.

कोरडवाहू :
कोकणाबाहेर राखणदार म्हणजे शेतातलं बुजगावणं किंवा कंपनीच्या गेटवरचा वॉचमन. देशावर याला नेमका शब्द आहे, ‘जागल्या’. गाव झोपलं की जागा राहणारा. छोटा शब्द आहे, पुस्तिकेत बसेलही छान.

पानसुपारी :
जागल्या! ‘जोडणी तुटली की जागल्या आवरून थांबतो’. वा!

रात्रपाळी :
थांबा. आमच्या घराण्यात जागल्या होते. वेसकरही होते. ती हौस नव्हती, नोकरीही नव्हती. जातीने लादलेली राबणूक होती. रात्रभर वेशीवर जागायचं आणि दिवसा कुणाच्याही निरोपासाठी धावायचं. १९५८ चा कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा आला, तेव्हा आजोबांनी म्हणे काठी घराच्या कोपऱ्यात उभी केली आणि पुन्हा हात लावला नाही. आता तोच शब्द मशिनीच्या नोकराला चिकटवून, प्रोग्राम थांबवायच्या आज्ञेत ‘किल जागल्या’ म्हणायचं? मला नाही जमणार.

कोरडवाहू :
माफ करा दादा, हे डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे तो शब्द फक्त गोष्टीत ऐकलेला.

नीरक्षीर :
शब्दाचा इतिहास वेगळा आणि उपयोग वेगळा. ‘पाटील’ हेही वतनच होतं, आज ती आडनावं आहेत.

रात्रपाळी :
पाटलाला वेशीवर झोपवत नव्हते.

आंबोशी :
राखणदारच घ्या म्हणतो मी. आमचा राखणदार कुणाचा नोकर नाही, त्याचा मान नाही राखला तर तो तुम्हालाच वाट चुकवतो. कॉन्फिगरेशन चुकलेल्या डीमनसारखा.

नीरक्षीर :
भुताखेतांचा शब्द तांत्रिक पुस्तिकेत नको. उद्या अंधश्रद्धा पसरवल्याचा आरोप होईल. तेवढ्यासाठीच पार्श्वसेवक.

चौथाडबा :
एक बारकावा. नोडिटॅच हा पर्याय दिला तर पीपीपीडी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, सोडतच नाही, तुमच्यासमोर बसून राहतो. अपडिटॅच दिलं तर जोडणी लागेपर्यंत समोर असतो, लागल्यावर मागे जातो. मग मागे जाण्याआधी तो ‘पार्श्व’ कसा? पहिल्या पानावरच नाव खोटं पडतं.

आणि मागे जातो म्हणजे तरी काय, आपली एक प्रत काढतो आणि मूळ प्रत संपते. बाप गेलेल्या प्रक्रियेला मग पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया, इनिट, दत्तक घेते. म्हणजे डीमन सेवक कमी आणि दत्तकपुत्र जास्त.

खडाष्टक :
दत्तक, दायाद, वाटणी. अख्खं युनिक्स तलाठी कार्यालयातून निघालंय.

पानसुपारी :
मंडळी, पान सात उद्या द्यायचंय. तोवर दुसरी अडचण सांगते. पीपीपीडीच्या ‘नोऑथ’ या पर्यायाचं मी भाषांतर केलं ‘ओळख पटवण्याची गरज नाही’. परिणाम असा की एका पोराने सिम कंपनीचा यूजर आणि पासवर्ड भरायचाच सोडून दिला. मी ती ओळ काढून टाकली, तर माझ्या टेबलावरची पेटी इंग्रजीत तक्रार करते आणि बागेतली मुकाट चालते. भाषेचा दोष की माझा?

रात्रपाळी :
दोष कर्त्याचा, म्हणजे वाक्यातल्या कर्त्याचा. ऑथ म्हणजे ‘समोरच्याने मला ओळख पटवावी’. मी समोरच्याला माझी ओळख देतो ती वेगळी, ती पॅप-सीक्रेट्स किंवा चॅप-सीक्रेट्सच्या फाइलमधून जाते आणि नोऑथने तिला काही होत नाही. पीपीपीमध्ये, म्हणजे दोन टोकं थेट जोडायच्या या पद्धतीत, गिऱ्हाईक आणि दुकानदार असा भेद नाही, दोन्ही टोकं सारखी, कुणीही कुणाची ओळख मागू शकतं. म्हणून लिहा : ‘समोरच्याकडून ओळख मागू नये’.

टेबलावरच्या पेटीला वायफाय आहे ना? मशिनीला बाहेर जायची डीफॉल्ट वाट आधीच असेल, तर पीपीपीडी ऑथ आपोआप लागू धरतो. घराला एक दार आहेच, दुसरं उघडताना पलीकडच्याला विचारून घे, असा त्यातला सावधपणा. कंपनी काही तुम्हाला ओळख देत बसत नाही, म्हणून तो अडतो. बागेत वायफाय नाही, वाट नाही, म्हणून चालतं. ओळ परत घाला.

पानसुपारी :
देव भलं करो तुमचं. दोन दिवस गेले होते त्यात. मग पलीकडच्या टोकाला मूळात ‘पीअर’ म्हटलंय, त्याला ‘समोरचा’च लिहू? मी ‘समवयस्क’ लिहिलं होतं.

कोरडवाहू :
समवयस्क! वधूवर सूचक मंडळ काढलंत की काय?

नीरक्षीर :
‘समोरचा’ ही बोली झाली. ‘समपदस्थ’ असावं. आणि पासवर्डला पासवर्ड का म्हणता, ‘परवलीचा शब्द’ हा अस्सल शब्द असताना?

रात्रपाळी :
परवलीचा शब्द मान्य. समपदस्थ अमान्य. समपदस्थाशी बोलायला आधी अर्ज करावा लागेल.

आंबोशी :
मोडेमशी बोलायच्या ओळी असतात त्या चॅट स्क्रिप्टचं काय केलंत, ताई? ‘गप्पांची संहिता’ नाही ना लिहिलंत?

पानसुपारी :
… ‘संवाद संहिता’.

आंबोशी :
अहो, ते गाऱ्हाणं! आमच्याकडे गुरव एकेक वाक्य म्हणतो, जमलेले म्हणतात “व्हय महाराजा”, की पुढचं वाक्य. तुमची स्क्रिप्ट म्हणते एटी, मोडेम म्हणतं ओके. ओके आलं तरच पुढची ओळ. शेवटी एटीडी, तारका, नव्व्याण्णव, हॅश, आणि समोरून कनेक्ट. व्हय महाराजा नाही आलं तर गाऱ्हाणं तिथंच अडतं. ‘ओकेची वाट बघा’ हे या एका उपमेने पोरांना पाठ होईल.

चौथाडबा :
आणि समोरचा अजून आहे ना हे तपासणारा एलसीपी एको म्हणजे ‘ओ’ देणं. डेबियन लिनक्सच्या नेहमीच्या फाइलमध्ये तीस सेकंदांनी एक हाक असते आणि लागोपाठ चार हाकांना ओ आली नाही, तर समोरचा गेला असं समजतात. दोन मिनिटं झाली.

आंबोशी :
रात्री कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, तीनदा आली तरच माणूस समजायचं. आजीचा नियम. पीपीपीवाल्यांनी एक जास्तीची धरली.

पानसुपारी :
‘ओ’ पुस्तिकेत घेतलीच समजा. आणि ‘डायल’? तारका नव्व्याण्णव हॅशमध्ये कुणालाच फोन लागत नाही, तरी मूळ पुस्तिका डायल डायल म्हणतेय. ‘नंबर फिरवा’ लिहू?

कोरडवाहू :
फिरवायला तबकडी कुठंय? आताच्या पोरांनी पाहिलीही नसेल.

खडाष्टक :
पण “फोन फिरव जरा” अजून म्हणतातच की. मी स्वतः काचेवर बोट टेकवून फिरवतो.

रात्रपाळी :
१९९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीचं नेट सुरू झालं. नंतर आमच्या हॉस्टेलमध्ये एकाने विद्यार्थ्यांचं पाचशे रुपयांचं शेल खातं घेतलं. त्यात नुसती अक्षरं, चित्र नाही. मग त्या शेलमध्ये स्लर्प नावाचा प्रोग्राम चढवायचा, तो पलीकडून पीपीपीचं सोंग करायचा, अलीकडे आमचा पीपीपीडी फसायचा आणि ब्राउझर उघडायचा. तोही एक बहुरूपीच. त्याला काय म्हणाल, नीरक्षीर?

नीरक्षीर :
‘तोतया’. त्याला अस्सल मराठी शब्द तयार आहे, बघा.

रात्रपाळी :
हा मात्र घेतला! तोतया पीपीपी.

चौथाडबा :
आमचं एक्स्चेंज जुनं, टोन नाही चालायचा, म्हणून मोडेमला टोनच्या एटीडीटीच्या जागी टकटक करत नंबर फिरवणारी एटीडीपी ही आज्ञा. आणि मोडेमला आपली डायल टोन ओळखू यायची नाही म्हणून एक्स-तीन लावायचं, म्हणजे टोनची वाट न बघता सरळ फिरवायला लागायचं.

खडाष्टक :
म्हणजे ‘फिरवणे’ मोडेमलाही लागू. ठरलं.

पानसुपारी :
फिरवणे ठरलं, ओ ठरली, समोरचा ठरला. पान सातवर अजून रिकामी जागा आहे, डीमनची. कुणीतरी एक काय ते सांगा.

नीरक्षीर :
पार्श्वसेवक.

आंबोशी :
राखणदार.

रात्रपाळी :
डीमन. आणि चौथाडबा, त्या एटीडीपीच्या आवाजावरून आठवलं. आमचे आजोबा शेवटी शेवटी डोळ्यांनी अधू झाले होते. मोडेम नंबर फिरवायला लागलं की खाटेवरून रिलेची टकटक मोजायचे. शून्याला दहा टक, एकाला एक. एकदा म्हणाले, “तिसरा आकडा चुकला रे तुझा, सातच्या जागी आठ गेला.” फाइल उघडली, तर आठच होता.