मदत हवी आहे: स्टीव्ह हॅरिसच्या धाटणीचा बास, पण खालचा सूर पोकळ

आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा हा बासिस्ट १९९५ च्या ‘द एक्स फॅक्टर’ या अल्बमचा नायजेल ग्रीनसोबत सहनिर्माताही होता, आणि त्या मिक्समध्ये बास किती पुढे आहे ते ऐकूनच कळतं. तोच खणखणीतपणा हवा आहे.

मांडणी: प्रिसिजन बास, रोटोसाउंडच्या फ्लॅटवाउंड (चपट्या वेष्टनाच्या, गुळगुळीत) तारा (जाडी इंचाच्या हजारांशात ५०-७५-९५-११०), पिक नाही, दोन बोटं. तार फ्रेटवर आपटून येणारा ‘टक्’ छान मिळतो. एक ट्रॅक डीआय (माइकशिवाय बासचा थेट सिग्नल), दुसरा स्पीकर कॅबिनेटपासून ३० सेंमीवरच्या माइकचा.

अडचण दोन्ही एकत्र केल्यावर येते. माइकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटली की खालचा भाग भरतो, पण ५७० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. ३० सेंमीला आवाजाला साधारण ०.९ मिलिसेकंद लागतात, म्हणून ४८ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला ४८,००० सॅम्पल) सेशनमध्ये माइकचा ट्रॅक ४२ सॅम्पल आधी सरकवला. खड्डा गेला, तरी ई तारेवरचे काही सूर दबलेलेच राहतात.

आता १२० हर्ट्झखाली फक्त डीआय ठेवावा का? माइकचा खालचा भाग कापणाऱ्या फिल्टरचा उतार दर सप्तकाला १२ डीबी की २४? उतार तीव्र केला की तिथेच पुन्हा फेज (दोन लहरींचा ताळमेळ) फिरतो, ही खरी धास्ती आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.