एफ ५ चालत नाही, यात दोष गोडॉटचा नाही

एफ ५ दाबल्यावर खेळ चालू होण्याऐवजी पडद्याचा उजेड बदलतो, म्हणून गोडॉट हे खेळ बनवण्याचे सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करावे, हा या चर्चेत दिला गेलेला सल्ला मला पटत नाही. अनेक लॅपटॉपवर वरच्या ओळीतील कळा मुळातच आवाज आणि उजेडासाठी नेमलेल्या असतात. त्या एफ कळा म्हणून वापरण्यासाठी काही यंत्रांवर एफएन आणि एस्केप या कळा एकत्र दाबणे पुरते, तर काहींवर बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, जावे लागते. मॅकवर हा प्रश्न फारसा येत नाही, कारण तिथे गोडॉट प्रकल्प चालवण्यासाठी कमांड आणि बी ही जोडी वापरते.

चर्चेत न आलेला मुद्दा असा की, गोडॉटच्या एडिटर सेटिंग्जमध्ये बदललेले शॉर्टकट प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये नव्हे, तर त्या संगणकावरील वापरकर्त्याच्या खात्यात साठवले जातात. वाशीतल्या ज्या वर्गात मी शिकवतो, तिथे मुले संध्याकाळी मिळेल त्या संगणकावर बसतात आणि प्रकल्प पेनड्राइव्हवरून आणतात. साहजिकच प्रकल्प सोबत येतो, पण घरी नेमलेल्या कळा घरीच राहतात. म्हणून सामायिक यंत्रांवर गोडॉटच्या मूळ कळांचीच सवय लावावी, असे माझे मत आहे: एफ ५ ने पूर्ण प्रकल्प, एफ ६ ने फक्त उघडलेला सीन (खेळाचा एक भाग) आणि एफ ८ ने थांबवणे. अनरियल या खेळ बनवण्याच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून येणाऱ्यांनी मात्र जपावे, कारण तिथे खेळ चालू असताना एफ ८ दाबल्यास तो थांबत नाही, केवळ पात्रावरील ताबा सुटतो. थांबवण्यासाठी एस्केप आहे.