दाविद क्लासिकल आणि झेरिको रोमँटिक, पण चित्र समोर आल्यावर ओळखायचं कसं?

रेघोट्या:
नमस्कार मंडळी, युरोपियन चित्रकलेवरचा एक ऑनलाइन कोर्स करतोय आणि अठराव्या शतकाच्या शेवटाशी येऊन गाडी अडकलीये. व्याख्या सगळ्या पाठ आहेत, म्हणजे निओक्लासिसिझममध्ये शिस्त, विवेक, ग्रीक-रोमन आदर्श आणि रोमँटिसिझममध्ये भावना, निसर्ग, कल्पनाशक्ती वगैरे वगैरे. पण चित्र समोर ठेवलं की यातलं काहीच उपयोगी पडत नाही. दाविदचं 'माराचा मृत्यू' (१७९३) घ्या, फ्रेंच क्रांतीतला पुढारी आणि चित्रकाराचा दोस्त मारा बाथटबमध्ये भोसकलेला, मान कललेली, हात खाली लोंबतोय, आता यात भावना नाही असं कोण म्हणेल? आणि उलट झेरिकोचा 'मेदूसाचा तराफा' (१८१९, मेदूसा हे फुटलेल्या जहाजाचं नाव), रोमँटिकचं पहिलं उदाहरण म्हणून सगळीकडे हेच देतात, पण त्यावरची माणसं तेरा दिवस उपाशीतापाशी समुद्रात आहेत आणि अंगं बघा, व्यायामशाळेतून आत्ताच बाहेर पडल्यासारखी! मग क्लासिकल कोण आणि रोमँटिक कोण? कोणी जरा डोळ्याला दिसेल अशी खूण सांगेल का, व्याख्या नकोत प्लीज.

जुनाखडू:
विषय आणि भावना थोडा वेळ बाजूला ठेवा, माणसं कशी उभी केलीयेत ते बघा.

दाविदचंच 'होराशियस बंधूंची शपथ' उघडा (रोमसाठी लढायची शपथ घेणारे तीन भाऊ), १७८४ मध्ये रोममध्ये रंगवलं आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या सालाँमध्ये, म्हणजे सरकारी चित्रप्रदर्शनात लागलं. मागे तीन कमानी. डाव्या कमानीसमोर तीन भाऊ, मधल्या कमानीसमोर तलवारी उंच धरलेला बाप, उजवीकडे रडणाऱ्या बायका. सगळे एका सपाट पट्टीवर, तुमच्या नजरेला समांतर, अगदी रोमन शिल्पपटावर कोरल्यासारखे. नजर बरोब्बर मधे तलवारी धरलेल्या त्या मुठीवर जाऊन थांबते. प्रत्येक आकृतीची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ आणि ब्रशचा फटकारा शोधून सापडायचा नाही. भाऊ सरळ रेषांचे, बायका वळणांच्या. (बायकांना कोपऱ्यात रडायला बसवलंय हे मला कायम खटकतं, पण तो वेगळा धागा होईल.)

आता तराफा बघा. खाली डाव्या कोपऱ्यातल्या प्रेतांपासून वर उजवीकडे कापड हलवणाऱ्या माणसापर्यंत सगळं चित्र तिरकं चढत जातं. तराफ्याचा कोपरा फ्रेम फोडून आपल्या अंगावर येतो, म्हणजे आपण बाहेर उभे नाही, त्याच फळ्यांवर आहोत. शिडात वारा भरलाय पण तो तराफ्याला मदतीच्या जहाजापासून लांबच ढकलतोय, आणि ते जहाज क्षितिजावर एवढंसं टिंब. दाविदच्या चित्रात सगळं ठरलेलं असतं, इथे काहीच ठरलेलं नाही.

पीळदार अंगांचं म्हणाल तर झेरिको शिकला गेराँच्या हाताखाली, आणि गेराँ पक्का निओक्लासिकल. वर इटलीत जाऊन मायकेलअँजेलो बघून आलेला. शरीर काढायची सवय त्या शाळेची, मांडणी त्याची स्वतःची. पुढे रोमँटिक गटाचा म्होरक्या झालेला देलाक्रवा पण गेराँचाच विद्यार्थी, आणि तराफ्यावर पालथा पडलेल्या एका माणसासाठी मॉडेल म्हणून तोच पडला होता.

तिरपा_उजेड:
जुनाखडूंशी अर्धा सहमत. मांडणीची खूण चांगली आहे पण तेवढ्यावर विसंबलात तर फसाल, कारण मुळात फरक आहे तो मरणाचा अर्थ कोण लावतं यात.

दाविदच्या चित्रात माणूस कशासाठी मरतोय हे त्याला माहीत असतं, चित्रकाराला माहीत असतं आणि तुम्हालाही ते माहीत झालंच पाहिजे असा आग्रह असतो. मारा खरं तर त्वचारोगाने इतका हैराण होता की तासन् तास टबमध्ये बसून काम करायचा, चित्रातली कातडी मात्र संगमरवरासारखी नितळ. खून करणारी शार्लोत कोर्दे चित्रात नाहीच, तिची फक्त चिठ्ठी त्याच्या हातात. वरचा अर्धा कॅनव्हास जवळजवळ रिकामा. खाली लाकडी खोक्यावर 'मारास, दाविदकडून' असं कोरल्यासारखं लिहिलंय. तर हो, भावना आहे, पण ती हुतात्म्याच्या समाधीपुढची भावना आहे आणि कोणाला हुतात्मा म्हणायचं ते क्रांतीने आधीच ठरवून ठेवलंय.

मेदूसावर हे कोणी ठरवायचं? १८१६ मध्ये जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं, कप्तान राजाच्या मर्जीतला म्हणून नेमलेला, त्याने कित्येक वर्षं जहाज चालवलेलंच नव्हतं. बोटी पुरल्या नाहीत म्हणून दीडशेच्या आसपास लोकांना तराफ्यावर चढवलं, आधी बोटींनी ओढत नेलं आणि मग दोर सोडून दिला. सापडले तेव्हा १५ जिवंत. ही ताजी बातमी होती हो, पुराणकथा नव्हे. आणि झेरिकोने ती सुमारे पाच मीटर उंच आणि सात मीटर रुंद कॅनव्हासवर काढली, ज्या मापात तोवर राजे आणि देव काढायचे. वाचलेल्यांना भेटला, शवागारात जाऊन स्केचेस केली. सालाँच्या यादीत मात्र नाव साधं 'जहाज फुटल्याचं दृश्य'. सरकारला काय झोंबलं असेल विचार करा. इथे कोणी कशासाठी मेलेलं नाही. नुसतं मेलंय.

कोरा_कॅनव्हास:
तुम्ही दोघेही छान लिहिताय पण अँग्रला सोईस्करपणे विसरलात!

१८१९ च्या ज्या सालाँमध्ये तराफा लागला त्याच सालाँमध्ये अँग्रची 'ग्रांद ओदालिस्क' पण होती. अँग्र दाविदचा शिष्य, रेषेचा भक्त, आयुष्यभर क्लासिकल गटाचा म्होरक्या. आणि चित्र कसलं, तर दूर पूर्वेकडच्या जनानखान्यातली उघडी बाई, हातात मोरपिसांचा पंखा, म्हणजे विषय घ्यायला गेलं तर शंभर टक्के रोमँटिक. शिवाय पाठ एवढी लांब ओढलीये की बघणाऱ्यांनी तेव्हाच मणके जास्त झालेत म्हणून आरडाओरडा केला. त्या वळणासाठी बाबाने शरीरशास्त्र सरळ धाब्यावर बसवलं. हा कुठला विवेक?

तेव्हा जुनाखडूंची खूण लावली तर क्लासिकल (स्वच्छ कडा, गुळगुळीत पृष्ठभाग), उजेड यांची लावली तर कशातच बसत नाही.

माझ्या मते त्या काळातलं खरं भांडण रेषा विरुद्ध रंग एवढंच होतं, बाकीचं नंतर चिकटवलेलं. देलाक्रवाचं 'लोकांचं नेतृत्व करणारी स्वातंत्र्यदेवता' (१८३०) मोठं करून बघा. वरच्या झेंड्यातले निळा-पांढरा-लाल तिच्या पायाशी वर बघणाऱ्या माणसाच्या कपड्यात परत येतात, आणि मधली माणसं धुरात विरत गेलीयेत, कुठे कोण संपतं कळत नाही. चित्र बांधून ठेवलंय ते रंगाने. अँग्रच्या चित्रातला रंग काढून टाका, चित्र उभं राहील. देलाक्रवाचं कोसळेल. आणि हे भांडण नुसतं कागदावरचं नव्हतं, देलाक्रवाला फ्रान्सच्या कला-अकादमीत घ्यायला १८५७ उजाडलं.

रेघोट्या:
बाप रे, एवढं सविस्तर! रेषा-रंगाची युक्ती लगेच करून बघितली, फोनवर चित्रं ब्लॅक अँड व्हाइट केली, अँग्रला खरंच ढिम्म फरक पडत नाही 😄 पण मग स्पेनच्या गोयाचं काय करायचं? '३ मे १८०८' (फ्रेंच सैनिक स्पॅनिश लोकांना गोळ्या घालतायत ते चित्र) कोर्समध्ये रोमँटिक म्हणून आहे, त्यात धड रंगही जास्त नाहीत.

जुनाखडू:
@कोरा_कॅनव्हास, अँग्रचा मुद्दा मान्य, पण रंग काढल्यावर तराफा पण उभाच राहतो की! तो मुळातच काळपट-तपकिरी, त्यात झेरिकोने डांबर मिसळलेला रंग वापरल्यामुळे वर्षागणिक आणखी काळा पडत चाललाय. म्हणून मी मांडणी सोडायला तयार नाही.

@रेघोट्या, गोयासाठी एक करा. '३ मे' आणि होराशियस शेजारी शेजारी ठेवा. होराशियसमध्ये एका रांगेत पुरुष, पुढे टाकलेले पाय, ताणलेले हात, समोर तलवारी. गोयाच्या चित्रातही तशीच रांग आहे, तसेच पुढे टाकलेले पाय, ताणलेल्या हातात बंदुका. पण या रांगेला चेहरेच नाहीत! सगळ्या सैनिकांच्या पाठी आपल्याकडे. चेहरे आहेत ते मरणाऱ्यांना, कोणी तोंड झाकलंय, कोणी मुठी आवळल्यात, आणि मधे पांढऱ्या सदऱ्यातला तो हात वर केलेला माणूस. उजेड कुठून येतो तर जमिनीवर ठेवलेल्या एका कंदिलातून, म्हणजे मारणाऱ्यांना नेम धरता यावा म्हणून आणलेला उजेड. दाविदकडे जी रांग शौर्याची, तीच इथे यंत्राची झाली. गोयाने हे मुद्दाम दाविदला उत्तर म्हणून काढलं असं मी म्हणत नाही, पण शिस्तीकडे बघायची नजर तीस वर्षांत किती फिरली ते या दोन रांगांत दिसतं. (होराशियस १७८४, गोयाचं १८१४ चं.)

तिरपा_उजेड:
+१, आणि हे माझ्याच मुद्द्याकडे आलं बरं का 😉 पांढऱ्या सदऱ्यातला माणूस कोण? नाव नाही. दाविदने नाव खोक्यावर कोरलं होतं.

पाऊलवाट:
उशिरा आलोय, थोडं पुढचं टाकतो कारण कोर्समध्ये आता रिअलिझम (साध्या माणसांचं रोजचं जगणं आहे तसं रंगवणं) येईलच आणि तिथे परत हाच घोळ होईल. कूर्बेचं 'ऑर्नांमधला दफनविधी' (१८४९-५०), जवळजवळ साडेसहा मीटर रुंद, चाळीसच्या वर माणसं, सगळी जवळपास खऱ्या मापाची, आणि मेलंय कोण तर त्याच्या गावातलं कुणीतरी साधं माणूस. रांग इथेही आहे, सपाट आणि आपल्याला समांतर, म्हणजे जुनाखडूंच्या खुणेने बघितलं तर चक्क क्लासिकल! पण मधे बाप नाही, तलवारी नाहीत, खड्डा आहे आणि तोही फ्रेमच्या खालच्या कडेने अर्धा कापलेला. लोक इकडेतिकडे बघतायत. एक कुत्रा पण आहे, त्याचंही लक्ष भलतीकडेच. तेव्हाच्या टीकाकारांना चीड आली ती या मापाची, एवढा मोठा कॅनव्हास गावकऱ्यांवर खर्च केला म्हणून. अकादमीच्या उतरंडीत इतिहासचित्र (इतिहास, पुराण, धर्म यांतले प्रसंग) सगळ्यात वर आणि रोजच्या जगण्याची चित्रं खूप खाली, ती छोटीच असायला हवीत असा संकेत. आधी झेरिकोने त्या मापात बातमी घुसवली, मग कूर्बेने शेजारीपाजारी.

म्हणून कॅनव्हासचं माप आधी बघत जा. स्क्रीनवर सगळी चित्रं तळहाताएवढी दिसतात, तिथेच निम्मी गंमत मरते.

रेघोट्या:
सगळ्यांचे आभार __/\__ तर आता माप, मांडणी, रंग काढून उभं राहतं का, आणि मेलेल्याला नाव आहे का, या क्रमाने बघतो. टर्नरचं 'पाऊस, वाफ आणि वेग' (१८४४) यात कुठेच बसणार नाही असं दिसतंय, कारण त्यात माणसं शोधावी लागतात.

कोरा_कॅनव्हास:
नका बसवू. त्यात आगगाडीच्या पुढे रुळांवर एक ससा पळतोय, आधी तो सापडतो का बघा, आता बराच पुसट झालाय. टर्नरसाठी वेगळा धागा काढा, तिथे भांडू.