एनटीएफएसवरून एक्सफॅट पेनड्राइव्हवर कॉपी: फाइलींसोबत डिलीट केलेला डेटाही जातो का?

कोरीपाटी
विंडोज लॅपटॉपच्या एनटीएफएस डिस्कवरचे काही फोल्डर ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकून बाहेरच्या माणसाला द्यायचे आहेत. पेनड्राइव्ह आधी वापरलेला आहे, क्विक फॉरमॅट मारून एक्सफॅट केलाय (एनटीएफएस आणि एक्सफॅट या डिस्कवर फाइली मांडायच्या दोन पद्धती, म्हणजे फाइल सिस्टिम). फाइलच्या शेवटच्या क्लस्टरमध्ये (फाइलला जागा देण्याचं सर्वात लहान एकक) जी जागा उरते (स्लॅक), तिथे जुन्या फाइलींचे तुकडे असतात असं वाचलं. लॅपटॉपवरचा हा स्लॅक कॉपीसोबत पेनड्राइव्हवर येतो का? आणि कॉपीऐवजी कट-पेस्ट केलं तर मूळ जागा साफ होते का?

शेवटचा_क्लस्टर
येत नाही. कॉपी करणारा प्रोग्राम फाइल सिस्टिमकडे फाइल मागतो आणि फाइल सिस्टिम नोंदवलेल्या आकाराच्या शेवटच्या बाइटला थांबते. स्लॅक त्याच्या पलीकडे असतो. अख्ख्या पार्टिशनची इमेज किंवा सेक्टरवार (सेक्टर म्हणजे डिस्कचा सर्वात लहान तुकडा) क्लोन काढला तर मात्र सगळंच जातं, रिकामी जागासुद्धा.

तुमच्या बाबतीत धोका पेनड्राइव्हच्या आधीच्या मजकुराचा आहे. ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हवर एक्सफॅट करताना विंडोज आपणहून १२८ केबीचा क्लस्टर धरतं, एनटीएफएसला सहसा ४ केबीचा. म्हणजे ५ केबीच्या फाइलला १२८ केबी जागा अडते. आजच्या सिस्टिम निदान शेवटचा सेक्टर तरी शून्यांनी भरून काढतात, पण त्यापुढच्या १२० केबीच्या आसपास जागेत आधीचं जे काही असेल ते तसंच राहू शकतं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' शेजारी शेजारी दिसतात, फरक तिथेच कळतो. आणि स्लॅकपेक्षा मोठा साठा मोकळ्या क्लस्टरांत असतो. क्विक फॉरमॅट फक्त वाटपाचा हिशेब आणि मुख्य फोल्डरची नोंद नव्याने लिहितो, डेटाला हात लावत नाही.

कट-पेस्ट एकाच व्हॉल्यूममध्ये (फॉरमॅट केलेल्या एका भागात) केलं तर फक्त नोंद हलते. दोन वेगळ्या फाइल सिस्टिममध्ये ते म्हणजे आधी कॉपी, मग डिलीट. मूळ क्लस्टर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसेच राहतात. (एसएसडीवर ट्रिम, म्हणजे मोकळे झालेले भाग डिस्कला कळवण्याची सोय, चालू असेल तर लवकर जातात.) शॅडो कॉपी (विंडोजने आपणहून जपलेली जुनी प्रत) चालू असेल तर तिच्यातही फाइल सापडेल. विंडोजची सायफर कमांड /डब्ल्यू पर्यायाने मोकळी जागा तीनदा पुसते, पण चालू फाइलींचा स्लॅक तिच्या कक्षेत येत नाही.

उपप्रवाह
स्लॅक जात नाही हे बरोबर, पण फाइलला चिकटलेल्या इतर गोष्टी जाऊ शकतात. एनटीएफएसवर एका फाइलला अनेक डेटा प्रवाह (मुख्य मजकुराशिवाय सोबत लपलेले डेटाचे भाग) असू शकतात. डाउनलोड केलेल्या फाइलच्या 'झोन.आयडेंटिफायर' प्रवाहात ती कुठल्या पत्त्यावरून उतरवली तेही अनेकदा लिहिलेलं असतं. डिर /आर या कमांडने हे प्रवाह दिसतात. एक्सफॅटवर त्यांना जागाच नाही, त्यामुळे ते गळून पडतात. पेनड्राइव्ह एनटीएफएस केलात तर मात्र मुकाट सोबत जातील.

मॅकवरून कॉपी केली तर प्रकार उलटा. एक्सफॅटवर ठेवता न येणारे गुणधर्म मॅक 'टिंब-अंडरस्कोअर'ने सुरू होणाऱ्या जोडफाइलींत लिहून ठेवतो. डाउनलोडचा पत्ता त्यातही असू शकतो. शिवाय 'डीएस-स्टोअर' फाइलीत फोल्डरमधल्या फाइलींची नावं असतात. विंडोजवर उघडलं की हे सगळं उघडं दिसू शकतं.

लोक सर्वात जास्त विसरतात ते फाइलच्या पोटातलं. एसक्यूलाइट डेटाबेसमधून (अनेक ॲप आपला डेटा अशा एका फाइलीत ठेवतात) ओळी डिलीट केल्या तरी त्यांची पानं फाइलमध्येच मोकळी म्हणून पडून राहतात आणि साध्या कॉपीसोबत जातात. आधी त्याची व्हॅक्यूम ही आज्ञा चालवा, मग कॉपी करा. पीडीएफ वाढीव पद्धतीने सेव्ह झाली असेल तर आधीची आवृत्तीही तिच्यात असते. वर्डमधल्या ट्रॅक चेंजेसचं तर सांगायलाच नको.

कोरीपाटी
मग पेनड्राइव्ह पूर्ण फॉरमॅट केला की झालं?

शेवटचा_क्लस्टर
क्विक फॉरमॅटची खूण काढून केलात तर व्हिस्टापासून पुढचं विंडोज त्या व्हॉल्यूमवर शून्यं लिहितं. एक्सपीमधला पूर्ण फॉरमॅट फक्त खराब सेक्टर तपासायचा, म्हणून जुने सल्ले वेगळे दिसतात. पण फॉरमॅट व्हॉल्यूमपुरताच असतो. आधी वेगळी पार्टिशनं असतील तर बाहेरची जागा सुटते. विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनात 'क्लीन ऑल' सगळे सेक्टर शून्य करतं. नुसतं 'क्लीन' प्रामुख्याने पार्टिशनची माहिती पुसतं. त्याआधी 'लिस्ट डिस्क'मध्ये आकार पाहून डिस्कचा क्रमांक नक्की करा, चुकीची डिस्क निवडली तर ती परत मिळत नाही.

उपप्रवाह
त्यातही एक फट आहे. फ्लॅशचा कंट्रोलर झीज सारखी वाटण्यासाठी लिखाण वेगवेगळ्या ब्लॉकवर फिरवतो, आणि राखीव ब्लॉक आपल्याला बाहेरून दिसत नाहीत. चिप काढून वाचणाऱ्याला त्यात जुने तुकडे सापडू शकतात. इतका नाजूक डेटा त्या पेनड्राइव्हवर कधी उघडा ठेवला असेल तर कोरा नवा वापरा. पुढच्या वेळी आधीपासूनच बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्टसारखं एन्क्रिप्शन लावा, म्हणजे उरलंसुरलं सांकेतिक रूपातच उरेल.

शेवटचा_क्लस्टर
तपासायचं असेल तर लिनक्सवर डीडी या कमांडने अख्ख्या ड्राइव्हची (पहिल्या पार्टिशनची नव्हे) इमेज काढून तिच्यात जुन्या फाइलमधला एखादा शब्द शोधा. वाचता येणारा मजकूर काढून दाखवणारी स्ट्रिंग्ज कमांड मूळ सेटिंगमध्ये एएससीआयआय (साधी इंग्रजी) अक्षरंच दाखवते, देवनागरी मजकूर तिला दिसणार नाही. वर्डच्या नव्या फाइली झिपमध्ये दाबलेल्या असतात, त्यांतलं वाक्यही असं सापडत नाही. फाइलींची नावं शोधायची तर यूटीएफ-१६ मध्ये (एक्सफॅट ज्या अक्षरसंकेतात नावं लिहितं त्यात) शोधा. एक्सफॅटवर डिलीट केल्यावर नोंदीतला 'वापरात आहे' हा एक बिट उतरतो, नाव तसंच राहतं. 'क्लीन ऑल'नंतर लगेच, काही कॉपी करण्याआधी इमेज काढलीत तर ती पूर्ण शून्य असायला हवी, मग शब्द शोधण्याची गरजच पडत नाही.