पेपरात जाहिरात दिली, पुढे काय झालं? आपापले अनुभव सांगा

कूलरवाला_जळगाव
काल दुकानातला जुना गल्ला आवरत होतो, खालच्या कप्प्यात लॅमिनेशन केलेलं एक कात्रण सापडलं. एप्रिल 1999. "डेझर्ट कूलर, खसच्या जाळीसह", खाली पप्पांचं नाव आणि बाजूला बर्फावर उभा पेंग्विन. जळगावात, एप्रिलमध्ये, पेंग्विन!
आमचा पत्र्याचे कूलर बनवायचा धंदा. पेपरचे एक साहेब स्कूटरवर यायचे, तीन चहा पिऊन पप्पांना हिशोब समजावून गेले की दोन कॉलम रुंद, दहा सेंटिमीटर उंच म्हणजे वीस कॉलम सेंटिमीटर, गुणिले रेट. अडीचेक हजार झाले, आईने भिशीतले काढून दिले. दुकानात फोन नव्हता म्हणून शेजारच्या मेडिकलचा पी.पी. नंबर टाकला. त्या दिवशी नऊ फोन आले. सहा दुसऱ्या पेपरवाल्यांचे, "आमच्यात पण द्या". एक राँग नंबर. एक चाळीसगावहून मामाचा, अभिनंदन करायला. आणि एक गिऱ्हाईक, त्यालाही जुना कूलर दुरुस्त करून हवा होता. मेडिकलवाले काका दोन दिवस बोलले नाहीत.
पण पप्पांनी ते कात्रण काउंटरमागे लावलं, आणि कोणी भाव करायला लागला की बोट दाखवायचे, "पेपरात आलेलं दुकान आहे भाऊ". वीस वर्षं चाललं ते.
आता पोरगा म्हणतो उन्हाळ्यात परत देऊ. चार जाहिरातींवर एक बातमी फुकट असं पॅकेज आहे म्हणे. कोणी दिली असेल तर सांगा, फायदा होतो का खरंच.

भुसावळची_गाडी
पी.पी. नंबर!! कुठून आठवण काढली भो. आमच्या अख्ख्या चाळीचा पी.पी. किराणावाल्याकडे होता, बोलावायला पोऱ्या पाठवायचा आणि त्याचे पण पैसे लावायचा. जाहिरातीचं मला काही माहीत नाही, वाचायला आलो.

मृगबाग
आमची केळीच्या टिश्यू रोपांची नर्सरी, रावेर साइडला. पहिल्या वर्षी जिल्ह्याच्या पानावर दिली, जूनमध्ये. एक पण बुकिंग नाही. कसं येणार, मृगबागवाला शेतकरी रोपं फेब्रुवारी-मार्चमध्येच बुक करून बसलेला असतो, जूनमध्ये तर तो लावत असतो. आणि रावेर-यावलच्या माणसाला नर्सरी पेपरात शोधायची गरजच काय, त्याच्या साडूची असते एखादी. दुसऱ्या वर्षी शेतीच्या पेपरात दिली, फेब्रुवारीत, छोटीशीच, फक्त जी-नाइन रोपं मिळतील, पोहोच मिळेल एवढंच. फोन आले नांदेड, करमाळा, बऱ्हाणपूर. गावातून शून्य. जाहिरात वसूल झाली, पण करमाळ्याच्या गाडीभाड्यात जीव गेला तो हिशोब वेगळा. आता कांदेबागच्या, म्हणजे ऑक्टोबरच्या आसपासच्या केळी लागवडीच्या बुकिंगसाठी पण आधीच देतो. बाकी नंतर लिहितो, लाइट गेली.

बिबडीवाली_ताई
मी जाहिरात नाही दिली, ती परवडत नाही. पत्रकं छापली दोन हजार, पिवळा कागद. पेपरात घालून वाटायची म्हणून सकाळी साडेचारला स्टँडवर गेले मिस्टरांसोबत, ते एजंट पेपर मोजत बसतात तिथे. नगामागे पैसे घेतले. बिबड्या, नागलीचे पापड, कुरडया असं लिहिलं होतं. आठ दिवसांत अकरा ऑर्डरी आल्या, त्यातल्या सात आमच्याच कॉलनीतल्या, ज्यांना मी तशीही गच्चीवर दिसतेच. पण त्या म्हणाल्या आम्हाला माहीतच नव्हतं तुम्ही विकता, आम्हाला वाटलं घरच्यासाठी करता. बघा आता.

माजी_पेपरपोऱ्या
ताई माफ करा, आज कबूल करतो. मी दहावीपर्यंत पेपर टाकायचो. पत्रकाचे आम्हाला हातात काहीच नाही मिळायचं आणि थंडीत पाच वाजता एकेक पेपर उघडून कागद घालायचा म्हणजे बोटं बधिर. तर शेवटचा गठ्ठा कधी कधी पुलाखाली जायचा. तुमचा पिवळा नव्हता बहुतेक.

बिबडीवाली_ताई
म्हणजे बाकीच्या ऑर्डरी पुलाखाली गेल्या माझ्या. असू दे, पोरगं होतास.

कॉलम_सेंटिमीटर
मी नऊ वर्षं जाहिरात विभागात होतो (कुठे ते विचारू नका, अजून तिथे ओळखी आहेत). कूलरवाले भाऊ, रेटकार्डवरचा रेट कोणीच देत नाही हे पहिलं लक्षात ठेवा, घासा. वर 5 टक्के जीएसटी लागतो. एजन्सीमार्फत दिली तर तिचं कमिशन पेपरकडून असतं, साधारण 15 टक्के, म्हणजे डिझाइन त्यांच्याकडून करून घ्यायला लाजू नका. उजव्या हाताचं पान मागा, पेपर उघडला की नजर तिकडे आधी जाते. पण ते लेखी घ्या, नाहीतर शोकसंदेशाच्या शेजारी जाल. आणि एकदाच मोठी देण्यापेक्षा तीच छोटी करून चार वेळा द्या, मार्च अखेरपासून. मे मध्ये कूलर घेणारा आधीच घेऊन बसलेला असतो. फुकट बातमीचं काय, ती बातमी तुम्ही सोडून फक्त तुमचा मामा वाचणार.
खरं सांगू, आमचं टार्गेट छोट्या दुकानदारांवर कधीच पुरं व्हायचं नाही. पुढाऱ्यांचे वाढदिवस होते म्हणून पगार व्हायचे. दुकानदाराकडून दिवाळी आणि वर्धापनदिनाला शुभेच्छा जाहिरात घ्यायचो, ती त्याने धंद्यासाठी नाही, तोंडदेखल्यासाठी दिलेली असायची. मला वाईट वाटायचं, पण घ्यायचो.

गल्ली_नंबर_पाच_धुळे
आमचे क्लासेस. इथे उलटा अनुभव. दहावीच्या निकालानंतर मुलांचे फोटो टाकून पाव पान देतो, बाकी वर्षभर काही नाही. ज्याचा फोटो तो बाप पाच पेपर घेतो, सासरी-माहेरी पाठवतो, तिथून त्याच्या साडूचा पोरगा आमच्याकडे. एका वर्षी डिझाइनवाल्याने दोन मुलींच्या फोटोखाली नावं उलटी टाकली. दोन्ही आया सकाळी सातला दारात. त्यातल्या एकीने पुढच्या वर्षी धाकटा पण आमच्याकडेच टाकला, पण आधी टोमणा मारून.

वाढपी_अमळनेर
केटरिंग. पेपरला दोनदा दिली, पैसा बी गया नि गिऱ्हाईक बी उनं नही. पण समाजाच्या वधूवर परिचय पुस्तकात मागच्या कव्हरच्या आत अर्धं पान देतो दरवर्षी, ते सोडत नाही. पेपर दुसऱ्या दिवशी भज्यांखाली जातो, ते पुस्तक लग्न जमेपर्यंत उशीखाली असतं. आणि लग्न जमलं की लगेच केटरर लागतो. दिवाळी अंकात पण देतो एका, संपादक मित्र आहे म्हणून, त्यातून आजवर फक्त अंक मिळाला.

भुसावळची_गाडी
वाढपी भाऊ, भरीताची पार्टी करता का, चाळीस माणसं? वांगी बामणोदचीच पाहिजेत.

वाढपी_अमळनेर
करतो ना. थंडी पडू द्या. आता वांग्याला चव नाही.

ट्रॅक्टर_शहादा
आमचा नंबरच चुकीचा छापला. शेवटचे दोन आकडे उलटे. फोन सगळे पारोळ्याच्या एका रिटायर गुरुजींना गेले, आणि त्या माणसाने, काय सांगू, प्रत्येकाला सांगितलं की पेपरात चूक झाली असेल, तुम्ही शहाद्यात जाऊन विचारा. आम्हाला हे कळलं कसं तर एक गिऱ्हाईक म्हणालं गुरुजींनी पाठवलं. आम्ही म्हटलं कोणते गुरुजी. पेपरवाल्यांनी फुकट परत छापून दिली, पण पोळ्याची ऑफर पोळा झाल्यावर. गुरुजींना पेढे द्यायला गेलो होतो. म्हणाले आठ दिवस बरे गेले, एरवी फोन येत नाही कोणाचा.

कूलरवाला_जळगाव
शहादावाले भाऊ, तुमचं वाचून दुकानात एकटाच बसून हसतोय आणि डोळ्यात पण आलं. कॉलमवाले दादा, धन्यवाद, पोराला तुमचं दाखवलं, उद्या रेट घासायला तोच जाणार आहे. पेंग्विन मात्र ठेवायचा म्हणतो.

बिबडीवाली_ताई
पेंग्विन ठेवा. आणि मिस्टर विचारतायत, आमच्या कूलरची जाळी बदलायची आहे, खस मिळेल का?

कूलरवाला_जळगाव
मिळेल ताई. बिबड्या ज्वारीच्याच ना? दोन किलो काढून ठेवा.