ओझे ओढणारा पिकअप: मॅन्युअल की ऑटोमॅटिक?
ओझे ओढायचे असेल तर मॅन्युअल गिअरचाच पिकअप घ्यावा, हे नेहमी ऐकू येणारे मत मला पटत नाही. जड ट्रेलर चढावर हळूहळू मागे घ्यायचा झाला, की मॅन्युअलमध्ये क्लच अर्धवट दाबूनच काम करावे लागते आणि थोड्याच वेळात जळका वास सुटतो. ऑटोमॅटिकमधला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा, क्लचच्या जागी असलेला भाग) मात्र तेलाच्या माध्यमातून जोर पोहोचवतो आणि गाडी हलताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवूनही देतो. त्यात निर्माण होणारी उष्णता तेलात उतरते, म्हणून जड ओझ्यासाठी ऑटोमॅटिक घेताना गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर आहे ना, हे आवर्जून पाहावे. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्याच जोरावर वेग रोखताना मॅन्युअलची पकड अधिक भरवशाची वाटते हे खरे. परंतु बहुतेक ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर हाताने निवडता येतो, आणि तो उतार सुरू होण्यापूर्वीच निवडावा.